हाई कोनी लिखं?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली, सोबत भाची. भाची जळगावला एमए करते, आणि ह्यावेळी हातातली बॅग खाली ठेवायच्या आधीच तिनं विचारलं की मामा, वसाहतवाद आणि पर्यावरण असं दोन्ही ज्यात आहे ती पुस्तकं सांग ना, पण परीक्षेपुरती नको, खरंच वाचण्यासारखी सांग. मी म्हटलं रात्री लिहून देतो. रात्री वही घेऊन ओट्यावर बसलो, पाच-सहा नावं लिहिली, आणि थांबलो. नुसती नावं देऊन काय होणार होतं, ती पुस्तकं माझ्या डोक्यात ज्या वस्तूंना चिकटून बसलीयेत त्या वस्तू तर सगळ्या इथंच, ह्या गावात, खानदेशात, पांझरा नदीच्या काठावर. म्हणून यादी तशीच राहिली आणि पुढचे तीन दिवस आम्ही बोलत राहिलो. त्यातलं जेवढं आठवतंय तेवढं इथं लिहितोय.

सुरुवात मोठ्या मायपासून करतो. आम्ही आजीला मोठी माय म्हणायचो. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, सहीच्या जागी अंगठा. पण घरात कुठलाही कागद आला, सोसायटीची नोटीस असो, सातबारा असो, लग्नाची पत्रिका असो, नाहीतर भाजीच्या पुडीचा पेपर, मी वाचून दाखवायला लागलो की ती हात वर करून आधी थांबवायची आणि विचारायची, "हाई कोनी लिखं?" कोणी लिहिलं ते सांगितलं की पुढचा प्रश्न, "त्याना काय फायदा शे?" हे दोन्ही कळल्याशिवाय ती मजकूर ऐकायचीच नाही. लहानपणी मला ह्याचा कंटाळा यायचा. पुढं कॉलेजात आणि नंतर धुळ्यात नोकरी करताना जी काही पुस्तकं वाचली, त्यातल्या मोठमोठ्या विद्वानांनी वाचन कसं करावं ह्यावर जे लिहिलंय ते वाचताना मला सारखी तीच आठवत राहिली.

तर भाचीला पहिलं पुस्तक सांगितलं ते चिनुआ अचेबेचं 'थिंग्ज फॉल अपार्ट', 1958 सालचं. नायजेरियातल्या इग्बो लोकांच्या एका गावाची गोष्ट, ओकोन्क्वो नावाच्या माणसाची. त्याची शेती, त्याची कुस्ती, बायका, पोरं, देव, रागलोभ सगळं आपण पानंच्या पानं वाचतो, त्या गावात राहून आल्यासारखं वाटायला लागतं, मग गोरे येतात, मिशन येतं, कोर्ट येतं आणि सगळं मोडतं. शेवटी तो माणूस गळफास घेतो. आणि अगदी शेवटच्या पानावर तिथला इंग्रज जिल्हा अधिकारी मनात म्हणतो की आपण जे पुस्तक लिहितोय त्यात ह्या माणसावर एखादं प्रकरण, प्रकरण नाही तरी एक बऱ्यापैकी पॅरेग्राफ होईल. त्याच्या पुस्तकाचं नावही ठरलेलं असतं, खालच्या नायजरकाठच्या रानटी टोळ्यांना शांत कसं केलं अशा अर्थाचं. मी ते पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बाहेर अंगणात जाऊन बसलो होतो. आख्ख्या माणसाचा एक पॅरेग्राफ.

कारण तसा पॅरेग्राफ मी आधी वाचलेला होता, आमच्याच मुलखाचा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रज सरकारनं छापलेल्या जिल्हावार माहितीग्रंथाचा, बारावा खंड म्हणजे खानदेश, 1880 साली छापलेला. जाडजूड ग्रंथ, त्यात नद्या, डोंगर, झाडं, पिकं, व्यापार, इतिहास, जमीनमहसूल, गावोगावची माहिती, आणि लोकांची जातवार वर्णनं. 1818 ला खानदेश इंग्रजांकडे गेला, 1825 मध्ये भिल्लांचा बंदोबस्त बघायला भिल्ल एजन्सी उभी राहिली, आउट्रम ह्या इंग्रज अधिकाऱ्यानं भिल्ल कोअर काढली, म्हणजे भिल्लांचीच पलटण, जिचं ठाणं धरणगावला होतं. हे सगळं त्या काळच्या कागदांत 'शांतता प्रस्थापित केली' ह्या सुरात येतं. ज्यांना शांत केलं त्यांच्या घरात त्या दिवसांत काय चाललं होतं ते त्यात सापडत नाही. मी काही गॅझेटियर टाकून द्या म्हणत नाहीये, उलट ते वाचलंच पाहिजे, इतकी माहिती एका जागी दुसरीकडं मिळणार नाही. पण मोठ्या मायचे दोन प्रश्न आधी विचारून मग. रणजित गुहांचा 1983 चा एक निबंध आहे, 'द प्रोज ऑफ काउंटर इन्सर्जन्सी', त्यात त्यांनी हेच काम फार बारकाईनं केलंय, सरकारी रिपोर्टातला एकेक शब्द घेऊन दाखवलंय की 'दंगेखोर' लिहिलंय तिथं शेतकरी होता आणि 'शांतता' लिहिलंय तिथं दडपशाही होती. निबंध अवघड आहे, दोन-तीनदा वाचावा लागतो, भाचीला म्हटलं घाई करू नको.

दुसऱ्या दिवशी आखाजी. खापरावरचे मांडे चालू होते, आई आणि बहीण चुलीपाशी, बहीण पुरणात टाकायला जायफळ किसत होती, छोट्या किसणीवर. ते अर्धं किसलेलं जायफळ हातात घेऊन पाहिलं तर आत तपकिरी-पांढऱ्या रेषांचं जाळं असतं, मेंदूसारखं. मी तिथंच पाटावर बसून त्यांना बांदा बेटांची गोष्ट सांगितली. इंडोनेशियातली ही इवलीशी बेटं, एके काळी जगातलं सगळं जायफळ एवढ्या जागेतूनच यायचं, आणि त्याच्या मक्तेदारीसाठी 1621 मध्ये डच कंपनीच्या कून नावाच्या गव्हर्नर जनरलनं तिथल्या लोकांना मारलं, पळवलं, गुलाम केलं, बेटं जवळजवळ रिकामी केली आणि मग बाहेरून गुलाम आणून जायफळाच्या बागा चालवल्या. अमिताव घोष ह्यांच्या 'द नटमेग्स कर्स' ह्या पुस्तकाची सुरुवातच ह्या हकिकतीनं होते, 2021 चं पुस्तक. त्यांचं म्हणणं असं की आजचं हवामानाचं संकट फक्त धूर आणि तापमान एवढंच नाही, ते त्या दिवसांपासून सुरू झालंय जेव्हा माणसांनी एखाद्या जमिनीकडं बघून ठरवलं की ही नुसती वस्तू आहे, हिच्यातून काढून घ्यायचं आणि पुढं जायचं, आणि जे लोक त्या जमिनीला जिवंत समजतात त्यांना रानटी ठरवायचं. बहिणीचा किसणारा हात थांबला होता. आई म्हणाली, "एवढ्यासाठी?" आणि जायफळाकडं बघितलं. भाचीनं ते पुस्तक त्याच रात्री फोनवर मागवलं.

आता कापूस. आमच्याकडं उन्हाळी कापसाची तयारी आखाजीच्या आसपास सुरू होते, ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो मेच्या शेवटी ठिबकवर सरकी टोबतो. त्यामुळं स्वेन बेकर्टचं 'एम्पायर ऑफ कॉटन' हे 2014 चं पुस्तक खानदेशातल्या माणसानं वाचायलाच हवं असं मला वाटतं, जाड आहे तरी. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडकला, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहिल्या, आणि सगळ्यांची नजर हिंदुस्थानकडं वळली. त्याच वर्षांमध्ये रेल्वे भुसावळकडं येत होती. भाव चढले, शेतकऱ्यानं धान्य सोडून कापूस पेरला, 1865 मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळला, मागं राहिलं ते सावकाराचं देणं. मुंबई सरकारनं तर 1863 ला कापसात भेसळ करणाऱ्यांसाठी वेगळा कायदा केला होता, म्हणजे लँकेशायरच्या गिरणीला काय हवं त्यावर इथल्या शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवण्यापर्यंत गोष्ट गेली. पुस्तकात वऱ्हाडचं, खामगावचं बरंच येतं, आणि खामगाव काही आपल्यापासून लांब नाही. ते वाचताना मला आमच्या आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, चेहरा दिसत होता. गाडी घेऊन जिनिंगला जायचं, रात्रभर रांगेत, सकाळी व्यापाऱ्याचा माणूस येणार, गाडीत हात खुपसून आतून मूठभर कापूस काढणार, दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ओढून बघणार, तोंडानं काही बोलणार नाही आणि भाव सांगणार. त्या चिमटीकडं आप्पा ज्या नजरेनं बघायचे ती नजर मी विसरू शकत नाही. आणि तो भाव न्यूयॉर्क-लिव्हरपूलला ठरण्याची रीत दीडशे वर्षं जुनी आहे हे आप्पांना कोणी सांगितलंच नव्हतं, ते आयुष्यभर स्वतःच्या कापसालाच दोष देत राहिले.

2002 ला बीटी, म्हणजे जनुक बदललेलं कापसाचं बियाणं आलं, त्यानंतर आमच्या गावात देशी कापसाची सरकी घरात ठेवणं बंदच झालं. मोठी माय गाडग्यात राख मिसळून बी ठेवायची, ते गाडगं अजून माळ्यावर आहे, रिकामं.

ह्याच्या जोडीला माईक डेव्हिसचं 'लेट व्हिक्टोरियन होलोकॉस्ट्स' वाचावं, पण मन घट्ट करून वाचावं लागतं. पाऊस न पडणं ही एक गोष्ट आणि माणसं उपाशी मरणं ही दुसरी, ह्या दोन्हींच्या मध्ये धोरण असतं, बाजार असतो, रेल्वेनं बाहेर चाललेलं धान्य असतं, हे तो 1876 ते 1878 आणि 1896 ते 1900 च्या दुष्काळांवरून दाखवतो. 1877 मध्ये रिचर्ड टेंपल ह्या इंग्रज अधिकाऱ्यानं दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी ठरवली, दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही, आणि काम खडी फोडायचं. मुंबई इलाख्यात मजुरांनी ह्याविरुद्ध काम सोडलं होतं, पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू घेतली होती. 1899-1900 चा दुष्काळ तर आमच्याकडं अजून 'छप्पनचा काळ' म्हणून तोंडात आहे, संवत 1956 वरून. कोणी ताटात टाकलं की मोठी माय म्हणायची, छप्पनच्या काळात असतास तर कळलं असतं. मला वाटायचं छप्पन म्हणजे 1956 साल. ते कुठलं छप्पन हे डेव्हिस वाचताना उमगलं, आणि मग मोठी माय नव्हती विचारायला.

मराठीतलं काय, असं भाचीनं मध्येच विचारलं, सगळी इंग्रजीच सांगतोयस. बरोबर होतं तिचं. मी कपाटातून जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' काढून दिला. 1883 चा. आपण फुले म्हणजे शिक्षण आणि जात एवढंच शिकतो, पण असूडमध्ये जंगलखात्यावर काय लिहिलंय ते बघ म्हटलं. डोंगर, दऱ्या, पडीक जमिनी, गायरानं सगळी ह्या नव्या खात्याच्या घशात गेली आणि शेतकऱ्याच्या शेळ्या-बकऱ्यांना रानातला वारा खायलासुद्धा जागा उरली नाही, अशी ती तक्रार आहे. 1878 चा जंगल कायदा होऊन जेमतेम पाच वर्षं झालेली, आणि पुण्यात बसून हा माणूस ते बघत होता, गोऱ्या साहेबालाही विचारत होता आणि त्याच्या हाताखालच्या देशी अंमलदारालाही, कोणालाच सोडत नव्हता. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, हे पुस्तक लिहीत असतानाच त्यांनी ते लोकांना वाचून दाखवलं, गावोगावी, आणि बडोद्याच्या सयाजीरावांनाही. लोखंड्यांच्या 'दीनबंधू' ह्या वर्तमानपत्रानं दोन भाग छापून पुढचे छापायचं थांबवलं, पूर्ण पुस्तक जोतीरावांच्या हयातीत छापून आलंच नाही. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्यासमोर बसून, त्यांच्या तोंडाकडं बघत वाचायचं. वाचनाची ही रीत आपण कधी सोडली कोणास ठाऊक.

सातपुड्याचं आणि डांगचं समजून घ्यायचं तर अजय स्कारियांचं 'हायब्रिड हिस्टरीज', 1999 चं. डांग आता गुजरातेत, पण साक्री-नवापूरहून घाट उतरलं की डांगच, आणि इंग्रजांच्या काळात तिथला कारभार बराच काळ खानदेशातूनच चालायचा. 1842 ला इंग्रजांनी तिथल्या भिल्ल राजांकडून जंगलं भाड्यानं घेतली आणि पुढं मालकच होऊन बसले. स्कारियांनी काय केलं तर तिथल्या लोकांच्या 'गोठी' ऐकल्या आणि त्यांना इतिहास म्हणून मान दिला, कथा म्हणून बाजूला नाही काढलं. त्या लोकांच्या हिशेबात काळाचे दोन तुकडे आहेत, 'मोगलाई' आणि 'मंडिनी'. मोगलाई म्हणजे मोगलांचं राज्य नव्हे, रानात मोकळं फिरायचे ते दिवस. मंडिनी म्हणजे जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या, चिरे बसले तेव्हापासूनचे दिवस. गॅझेटियरच्या हिशेबात इतिहास राजवटींनी बदलतो, ह्यांच्या हिशेबात रानात जायला कोणी अडवलं त्यावरून. धडगावकडचा माझा एक पावरा आदिवासी मित्र आहे, आश्रमशाळेत शिकवतो, त्याला हे सांगितलं तर तो नुसता म्हणाला, दादा, आमचं पण असंच आहे, आमच्याकडं धरणाआधी आणि धरणानंतर. त्याच्या मामाचं गाव सरदार सरोवराच्या पाण्यात गेलं.

त्यानंच मला शहाद्याकडच्या वाहरू सोनवणेंच्या कवितेची आठवण करून दिली, 'स्टेज' नावाची. 'गोधड' हा त्यांचा संग्रह. आम्ही स्टेजवर गेलोच नाही, आम्हाला कोणी बोलावलंच नाही, ते स्टेजवर उभं राहून आमचंच दुःख आम्हाला सांगत राहिले, असा त्या कवितेचा आशय. ती वाचून मला वसाहतवादावरची निम्मी पुस्तकं पुन्हा वाचावीशी वाटली. कारण कोनी लिखं हा प्रश्न नुसता इंग्रजाला विचारून भागत नाही, तो माझ्यासारख्यालाही लागू होतो, जो पाटलाच्या ओट्यावर बसून भिल्लांबद्दल बोलतोय.

एडवर्ड सईदचं 'कल्चर अँड इम्पिरिअॅलिझम' सांगताना मात्र मला आखाजीचाच आधार घ्यावा लागला. सईद 1993 च्या ह्या पुस्तकात जेन ऑस्टिनची 'मॅन्सफिल्ड पार्क' कादंबरी घेतो, इंग्लंडातलं श्रीमंत घर, लग्नं, शिष्टाचार, आणि त्यात मध्येच कुठंतरी अँटिग्वा ह्या बेटाचा ओझरता उल्लेख, मालकाची तिथं इस्टेट आहे एवढंच. सईद म्हणतो ह्या उल्लेखापाशी थांबा, त्या घराचा खर्च त्या बेटावरच्या उसाच्या मळ्यातून येतोय, गुलामांच्या कष्टातून, म्हणजे कादंबरी वाचताना घर आणि मळा दोन्ही एकदम ऐकायचे. त्यानं ह्यासाठी संगीतातला शब्द वापरलाय. भाचीला म्हटलं आपल्याकडं आखाजीला काय व्हायचं आठव, नदीच्या ह्या काठावर ह्या गावच्या बाया आणि त्या काठावर त्या गावच्या, आणि दोन्हीकडून गाण्यात शिव्या. नुसत्या एका काठावर उभं राहून ऐकलं तर अर्धंच गाणं कळतं, उत्तर कशाचं आहे तेच कळत नाही. सईद नदीच्या पात्रात उभं राहून ऐका म्हणतो. ती हसली पण तिला पटलं. ऑस्टिन वाचायची नाही असं तो म्हणत नाही हेही तिला मुद्दाम सांगितलं, त्याला ती कादंबरी आवडते, म्हणून तर इतकं लक्ष देऊन वाचतो.

न्गुगी वा थियोंगोचं 'डिकॉलनायझिंग द माइंड', 1986, हे मी सगळ्यात शेवटी सांगितलं कारण ते माझ्या सगळ्यात जवळचं. केनियातल्या त्याच्या शाळेत कोणी मूल गिकुयू ही आपली घरची भाषा बोलताना सापडलं की त्याला एक बटण द्यायचे, त्यानं ते पुढच्या बोलणाऱ्याला द्यायचं, आणि दिवसाच्या शेवटी ज्याच्या हातात बटण त्याच्यापासून मागं मागं जात सगळ्यांना शिक्षा. म्हणजे पोरांनाच पोरांवर पाळतीला बसवलं. आमच्या शाळेत बटण नव्हतं. पण पाचवीत मी फळ्यापाशी उभा राहून "माले येस" म्हणालो, मला येतं एवढंच सांगायचं होतं, आणि आख्खा वर्ग हसला, सर पण हसले, आणि त्यानंतर बारावीपर्यंत मी वर्गात आपण होऊन हात वर केला नाही. अहिराणी घरी, मराठी शाळेत, इंग्रजी नोकरीत, असं आयुष्य वाटून टाकलं. न्गुगीनं जेलमध्ये टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली. ते वाचून मी कितीतरी वर्षांनी आईशी फोनवर धुळ्याच्या ऑफिसात सगळ्यांसमोर अहिराणीत मोठ्यानं बोललो.

आणि ह्या सगळ्यात आमच्या आसोद्याच्या बहिणाबाई. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या गेल्यावर 1952 मध्ये गाणी पुस्तकात आली, आणि त्या बाईनं छापखान्यावर म्हणून ठेवलंय की कोरा कागद छापून शहाणा होतो आणि माणूस मात्र येडा तो येडाच राहतो. वाचनावरची सगळी पुस्तकं वाचून झाली की मी परत तिथं येतो.

रॉब निक्सनचं 'स्लो व्हायोलन्स' राहिलंच, 2011 चं. जी हिंसा हळूहळू होते, वर्षानुवर्षं, म्हणून तिची बातमी होत नाही, त्याबद्दल आहे. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बोअर दरवर्षी किती खाली जाते ते ज्याला माहितीय त्याला हे पुस्तक वेगळं समजावून सांगावं लागणार नाही, म्हणून इथं जास्त लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही सगळे नदीवर गेलो, आप्पापण काठी घेऊन आले. भाचीनं फोनवर नाही, मुद्दाम गॅझेटियरची शेतीच्या प्रकरणातली पाणी-पाटाबद्दलची पानं प्रिंट काढून आणली होती. पांझरेवर शेकडो वर्षांपासून दगडी बंधारे आहेत, त्यातून पाट निघतो आणि खालची जमीन फडांत वाटलेली असते, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, ह्या वर्षी ह्या फडात ऊस तर पुढच्या वर्षी दुसऱ्यात. पाणी कोणी सोडायचं ते पाटकरी बघणार, राखण जागल्या करणार, बंधाऱ्याची, पाटाची डागडुजी सगळे शेतकरी मिळून. ही फड बागायत गावानं स्वतः चालवलेली. आता आमच्याकडं पाट कोरडा आहे, ज्याची त्याची बोअर.

भाची इंग्रजी वाचत होती, मग मराठीत सांगत होती. आप्पांनी काठी टेकली, हात वर केला आणि विचारलं, "हाई कोनी लिखं?" त्यांच्या आईचाच आवाज. भाचीनं सांगितलं, इंग्रज सरकारनं, 1880 ला. आप्पा थोडा वेळ कोरड्या पाटाकडं बघत राहिले. मग म्हणाले, त्यात फडांची नावं आहेत का. तिनं पानं चाळली, नव्हती. "मंग लिख," असं म्हणून त्यांनी काठीनं एकेका दिशेला दाखवत सांगायला सुरुवात केली, कुठला वरला फड, कुठला चिंचेचा, पाटकरी कोणाच्या घरचा असायचा, पाण्याची बारी कोणत्या शेतापासून धरायची, भांडण झालं तर कुठल्या दगडावर बसून मिटवायचं. भाचीनं पर्समधून पेन्सिल काढली आणि प्रिंटच्या समासात लिहायला लागली, एका पानाचा समास भरला तेव्हा कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर.